चांदीवरची फुंकर

मेव्हिस ब्रॅमलनं काटा फडक्यात धरला, मान खांद्याकडे वळवली आणि श्वास रोखून तो पुसला. मग झिरझिरीत पांढऱ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवला, खिडकीकडे तोंड करून सावकाश श्वास सोडला आणि पुढचा काटा उचलला.

लग्न झाल्यापासून ती हे काटे-चमचे असेच पुसत आली होती. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, "बाई, चांदी पुसतेस की झोपलेल्या कुत्र्याच्या पिसवा काढतेस?" ती हसायची. पण हसणंसुद्धा तोंड फिरवून.

शेफील्डमध्ये दात न फुटलेल्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते: चांदीवर कोरलेलं नाव घासून टाकता येतं, पण चांदी ते विसरत नाही. वर नुसती ऊबदार फुंकर घाला. धरणात बुडालेलं गाव कडक उन्हाळ्यात वर यावं तशी जुनी अक्षरं वाफेतून क्षणभर वर येतात आणि पुन्हा बुडतात. मेव्हिसच्या काट्यांवर अक्षरं नव्हती. दांडीचं टोक तळहातासारखं गुळगुळीत. तिथं एकेकाळी कोणाचं नाव होतं का, हे तिला कधीही कळायला नको होतं. आणि आता तर ते कळून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मागचं दार लाथेनं उघडलं. दार लाथेनं उघडणारी त्या सामाईक अंगणात एकच बाई होती.

"अजून मढं सजवतेच आहेस का?" गर्टी म्हणाली आणि चुलीजवळच्या खुर्चीत बसली.

गर्टी पलीकडच्या दारात राहायची. तरुणपणी दोघी एकाच कारखान्यात होत्या, पण एका कारखान्यात म्हणजे एका जगात नव्हे. मेव्हिस वखारीत: हातात पांढरे मोजे, बोलणं दबकं, तयार माल कागदात गुंडाळायचा. गर्टी पॉलिशच्या चाकावर: डोक्याला लाल रुमाल, पोटाला तपकिरी कागद बांधलेला, आणि तोंड तेल-वाळूनं बाहेरून काळं, आतून त्याहून काळं. असं सांगतात, की चाकावरच्या बायका जेवणाच्या सुट्टीत रस्त्यानं निघाल्या की पाद्री गल्ली बदलत आणि दूधवाल्याचा घोडा कान पाडून घेई. घोड्याचं सांगणाऱ्यानं पदरचं घातलं असेल. पाद्र्याचं खरं आहे.

"मंगळवारी लिलाववाल्यांच्या पेढीवर जाणार आहे," मेव्हिस म्हणाली. "पिंडरकडे."

"पिंडरकडे कशाला? भंगारवाल्याला दे की. या हिवाळ्यात चांदीला वेड लागलंय. तो वजन करतो, पैसे देतो, वितळवून टाकतो. आजीचं नाव विचारत बसत नाही."

"म्हणूनच त्याला द्यायचं नाही."

गर्टीनं किटली चुलीवर सरकवली. "नीट सांग. तू वखारीतली, तुझं बोलणं मला नेहमी कागदात गुंडाळून मिळतं."

मेव्हिसनं हातातला काटा खाली ठेवला.

"तुला एक सांगते. हसू नकोस."

"तू सांग. हसायचं की नाही ते मी ठरवीन."

"मला वाटतं, हे चोरीचं आहे."

गर्टी हसली नाही. तिनं उठून स्वतःच्या कपात चहा ओतला, साखर घातली, चमचा फिरवला, आणि मग पुन्हा साखर घातली.

त्या कारखान्यात रिवाज होता. कारागिराचं लग्न ठरलं, की त्यानं जेवणाच्या सुट्टीत आपल्या हातानं बायकोसाठी संच घडवायचा. चांदीचे पैसे पगारातून कापले जायचे, आणि दांडीच्या टोकावर तीन अक्षरं त्रिकोणात कोरली जायची: वर घराण्याचं, खाली डावीकडे त्याचं, उजवीकडे तिचं. विल्फ ब्रॅमलनंही मेव्हिसला संच दिला. पण कोरा. "अक्षरांना पैसे पडतात," तो म्हणाला होता. असतील पडत. पण त्याच वर्षी वखारीतून एक संच नाहीसा झाला होता. हल बंदरातल्या कुणा जहाजवाल्याच्या लेकीचा, नाव कोरून तयार झालेला. तो मेव्हिसनंच कागदात गुंडाळला होता. वखारीतल्या सगळ्या पोरींच्या पिशव्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, उलट्या केल्या गेल्या. तिच्या पिशवीतून पावाचा तुकडा आणि उसवलेला पायमोजा निघाला, आणि त्या मोज्याची लाज तिला अजून वाटत होती. संच मिळाला नाही. काही महिन्यांनी विल्फनं तिच्या पुढ्यात डबा उघडला. तीच साधी घडण, हाताला तेच वजन. फक्त अक्षरं तेवढी नाहीत.

तिनं तेव्हा विचारलं नाही. नव्या नवरीनं काय विचारायचं? मग जुनी झाल्यावर तर विचारणं आणखीच अवघड झालं. तिनं तो संच कधी टेबलावर मांडला नाही. नाताळातसुद्धा नाही.

"विल्फ आणि चोरी?" गर्टी म्हणाली. "मांजराच्या बशीतला मासा उचलायचा असता तर त्यानं आधी मांजराची परवानगी काढली असती."

"मग अक्षरं का नाहीत?"

गर्टीनं कपात पाहिलं. "पैसे पडतात अक्षरांना."

"थडग्याच्या दगडवाल्यानं परवा पुन्हा विचारलं," मेव्हिस म्हणाली. "दोन हिवाळे झाले, विल्फ दगडाशिवाय पडलाय. चॅपलमागं जा, बघ. एकूणएक कारागिराच्या दगडावर लिहिलंय, 'प्रामाणिक कारागीर'. त्या फर्नलीच्या दगडावरसुद्धा."

"फर्नली मुलाम्याचे चमचे चांदीचे म्हणून विकायचा."

"तेच म्हणते. तरी लिहिलंय. विल्फच्या दगडावर नाही लिहिलं तर लोक विचारतील. आणि लिहिलं, आणि ते खोटं निघालं तर?"

"दगडाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. रविवारी फुलं घेऊन तिथं मी उभी राहणार." तिनं काट्यावर कागद ओढला. "चोरीचं असेल तर पिंडर सांगेल. तो फुंकर घालेल. माझ्यानं होत नाही. किती वेळा तोंडाजवळ नेला, गर्टी. हात परत खाली येतो."

"चोरीचं निघालं, तर तो पोलिसाला बोलावील. एवढा विचार केलास?"

"केलाय."

"जाऊ नकोस, मेव्हिस." गर्टीचा आवाज एकाएकी चाकावरच्या बाईचा राहिला नाही. "मेलेल्या माणसाला खरवडून काय मिळायचंय? वितळवून टाक. पैसे घे, दगड उभा कर, त्यावर काय हवं ते लिही. मी कुणाला सांगायला जाणार नाही."

"तू येतेस का बरोबर?" मेव्हिस म्हणाली. "एकटीनं जायची भीती वाटते मला."

गर्टीनं तो गोड पाक झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"येते," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर तुरुंगात कोणीतरी हवंच. तुला भांडता येत नाही."

मंगळवारी लिलाववाल्यांच्या पेढीबाहेर रांग गल्लीचं वळण ओलांडून गेली होती. भाव चढला की माणसं कपाटं उलटी करतात. कोणी बाळाच्या गाडीत किटल्या भरून आणल्या होत्या आणि बाळ कडेवर घेतलं होतं. एका म्हाताऱ्यानं शर्यतीत जिंकलेला पेला छातीशी धरला होता आणि तो पेला विकायचा नाही, नुसता दाखवायचाय, असं तो न विचारता सगळ्यांना सांगत होता. बर्फ वितळून चिखल झाला होता. त्या चिखलातून एक पोलीस रांगेच्या कडेकडेनं चालत होता, आणि प्रत्येक पिशवीकडे पाहत होता.

मेव्हिसनं डबा कोटाखाली घेतला.

"बाहेर काढ," गर्टी पुटपुटली. "पोटुशी दिसतेस. या वयात त्यासाठीसुद्धा पकडतील."

"त्यानं आपल्याकडे पाहिलं."

"माझ्याकडे पाहिलं. मी अजून बघण्यासारखी आहे."

पोलीस त्यांच्यापाशी आला, थांबला, नाक शिंकरलं आणि पुढे गेला. मेव्हिसच्या पाठीवरून घामाचा थेंब खाली उतरला. एवढ्या थंडीत तो तिला सबंध वाटभर जाणवत राहिला. परत फिरावंसं तिला वाटलं, आणि तेवढ्यात रांग पुढे सरकली. रांगेचं असंच असतं. आपण चालत नाही, आपल्याला नेलं जातं.

गर्टी आता गप्प झाली होती. मेव्हिसला वाटलं, थंडीनं.

पिंडर हा लांबट मानेचा, कोरड्या हातांचा माणूस. त्याच्याबद्दल गावात कथा फार. म्हणतात, एकदा एका बिशपनं वाडवडिलांचा म्हणून रश्श्याचा डाव आणला. पिंडरनं फुंकर घातली. बिशपच्या कुळाच्या चिन्हाखाली एका उमरावाचं चिन्ह निघालं. पुन्हा फुंकर घातली, त्याखाली एका विधवेचं नाव निघालं. तिसऱ्यांदा घातली, तर सगळ्यात खाली बंदरावरच्या खानावळीचं नाव, आणि ती खानावळही जेवणासाठी प्रसिद्ध नव्हती. बिशपनं त्या दिवसापासून रस्सा सोडला. आता, एका चांदीवर इतकी माणसं मावतात का, हे मला विचारू नका. पण पिंडरच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला ही कथा हमखास आठवायची, आणि मेव्हिसलाही आठवली.

"ब्रॅमलबाई," तो म्हणाला, "बसा. काय आणलंय?"

मेव्हिसनं डबा टेबलावर ठेवला. झाकण तिला उघडेना, तेव्हा गर्टीनं उघडलं.

पिंडरनं आधी सुऱ्या बाजूला काढल्या. "या वजनात धरत नाही. पातं पोलादाचं, मूठ पोकळ, आत राळ भरलेली. चांदी नुसती वरची साल."

"आमच्या पाद्र्यासारखी," गर्टी म्हणाली. पण सवयीनं म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

मग काटे आणि चमचे ताजव्यात गेले. त्यानं आकडा लिहिला, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेका दांडीची मागची बाजू उजेडाकडे केली.

"छाप चोख आहेत. सिंह आहे, म्हणजे चांदी स्टर्लिंग, अस्सल, त्यात शंका नाही. मुकुट, म्हणजे आपल्याच गावची. कारखान्याचा शिक्का. आणि सालाचं अक्षर." त्यानं साल सांगितलं.

"लग्नाचं साल," गर्टी पटकन म्हणाली.

ज्या साली पोरींच्या पिशव्या उलट्या झाल्या, तेच साल. मेव्हिसनं टेबलाची कड धरली. कड धरलेली दिसू नये म्हणून वर हातमोजा ठेवला.

"घडण चांगली आहे. हे हातानं घडवणाऱ्याला घाई नव्हती." पिंडरनं एक काटा उलटा केला, सुलटा केला. दांडीच्या टोकावर अंगठा फिरवला. अंगठा तिथंच थांबला. "हं."

"काय झालं?" मेव्हिसनं विचारलं.

त्यानं काटा तोंडाजवळ नेला. मेव्हिसनं श्वास रोखला; गर्टीनंही. खोलीत एकट्या पिंडरचा श्वास उरला, आणि तो चांदीवर पडला.

"इथं काहीतरी होतं," तो म्हणाला. "घासून काढलंय."

बाहेर गल्लीत कोणीतरी हसलं. पोलिसाच्या बुटांचा आवाज येतोय का, ते मेव्हिसनं ऐकायचा प्रयत्न केला. कानात फक्त तिचं स्वतःचं रक्त वाजत होतं.

"कोणाचं?" ती म्हणाली. "नाव कोणाचं आहे?"

"थांबा. इतकं सोपं नसतं ते." त्यानं खिडकीकडे पाठ केली, पुन्हा फुंकर घातली, काटा तिरका धरला. "तीन अक्षरं आहेत. त्रिकोणात. वरचं... बी."

मेव्हिसचे ओठ हलले.

"खाली डावीकडे," पिंडरनं तिसऱ्यांदा श्वास टाकला, "डब्ल्यू."

"ब्रॅमल," मेव्हिस म्हणाली. "विल्फ."

इतक्या वर्षांची भीती इतक्या झटकन निघून गेली, की तिच्या जागी काही राहिलंच नाही. मेव्हिस खुर्चीत मागे टेकली आणि हसू लागली. हसताना तिला हेही कळलं, की आपण रडतोय. "विल्फ ब्रॅमल. माझा नवरा हो, साहेब. त्यानंच घडवलंय हे. त्याचंच आहे." ती गर्टीकडे वळली. "ऐकलंस? त्याचंच होतं. आणि उजवीकडे एम असेल. एम म्हणजे मी."

गर्टी काट्याकडे पाहत होती.

पिंडरनं पुन्हा एकदा फुंकर घातली, आणि बराच वेळ पाहिलं.

"एम नाही," तो म्हणाला.

"असेल हो. पुसट झालं असेल."

"पुसट होणं वेगळं. हे खरवडलंय. या एका अक्षरावर चाक बाकीच्या दोहोंहून जास्त फिरलंय. काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण गोलसर होतं. एमला गोलाई कुठली?" तो सहज बोलत होता, सकाळपासून त्यानं अशी कित्येक नावं पाण्यातून वर काढली असतील. त्यानं ढिगातला आणखी एक काटा उचलला आणि नापसंतीनं मान हलवली. "आणि हा बघा. हा तर पारच बिघडवलाय. खड्डा पडलाय इथं. कुणा शिकाऊ पोरीला चाकावर उभी केली असणार. हात थरथरतोय, दाब कळत नाही. असल्या हातात चांदी देऊ नये."

"शिकाऊ?" गर्टी म्हणाली.

पिंडरनं मान वर केली.

"शिकाऊ पोरीला जमेल हे?" गर्टी टेबलावर झुकली होती. तिनं ढिगातला एक काटा उचलला, मग दुसरा, आणि त्याच्या नाकासमोर धरले. "तिन्ही अक्षरं उतरवलीत आणि कड जागच्या जागी आहे. बघा. कुठं गोल झालीय कड? डझनभर काटे आहेत, डझनभर चमचे आहेत, एकाची तरी कड मोडलेली दाखवा मला. मुकादम पाठीवर उभा असताना, चाक लंगडं असताना केलंय हे. शिकाऊ म्हणे."

गर्टीच्या हातातले काटे अजून हवेतच होते.

"मग हा खड्डा?" पिंडरनं विचारलं. हळू विचारलं, कारण आता त्यालाही काहीतरी उमगू लागलं होतं.

गर्टीनं हातातले काटे ढिगात ठेवले आणि तो काटा त्याच्याकडून घेतला. तिचा अंगठा त्या खड्ड्यात अचूक बसला.

"तो पहिला होता," ती म्हणाली.

पिंडर शहाणा माणूस होता. नावं वर काढणाऱ्याला केव्हा उठून जावं हेही कळावं लागतं. आकडेमोड करतो म्हणाला, आणि कागद घेऊन पलीकडच्या टेबलाशी पाठ करून बसला.

मेव्हिसनं समोरचा एक काटा ओढला आणि तो कागदात गुंडाळायला लागली. वखारीत शिकवलं होतं तसा: आधी दाते, मग मान, मग दांडी.

"तुझा जी," ती म्हणाली.

"तेव्हा माझं सगळंच गोलसर होतं."

मेव्हिस हसली नाही. गर्टीनंही ती हसेल असं धरलं नव्हतं.

"त्याचं आधी तुझ्याशी ठरलं होतं. मला कधी सांगणार होतीस?"

"मला वाटलं, तू माझ्या आधी मरशील. तुझी छाती नाजूक."

"स्वयंपाकघरात मी तुझ्यासमोर बसून सांगत होते. चोरीचं आहे म्हणून. तुला तेव्हाच माहीत होतं, की ते चोरीचं नाही."

"हो."

"त्या दिवसापासून मला झोप नाही, गर्टी."

"मलाही नाही," गर्टी म्हणाली. "भिंत एकच आहे आपली. तू रात्री उठून पाणी प्यायचीस, ते मला ऐकू यायचं. वाटायचं, भिंतीवर थाप मारावी आणि सांगून टाकावं. मग सकाळ व्हायची."

मेव्हिसनं कागदाची घडी मोडली, पुन्हा घातली. खरं म्हणजे ज्या प्रश्नासाठी ती इथं आली होती त्याचं उत्तर मिळालं होतं. विल्फनं चांदी पगारातून घेतली होती, आपल्या हातानं घडवली होती. दगडवाल्याला उद्या सांगता येईल. पण जे जायला हवं होतं ते गेल्यासारखं वाटेना. ते नुसतं एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसलं होतं.

"तुझं अक्षर काढलंस ते समजलं," ती म्हणाली. "बाकीची दोन कशाला काढलीस? ब्रॅमलचं आणि विल्फचं. ती मला चालली असती."

"मीही त्याला तेच म्हटलं. माझं एकटीचं काढते, त्या जागी तिचं बसव, स्वस्तात पडेल. माझं अक्षर दुसऱ्या कुणाला काढू देणार नव्हते मी." गर्टीनं अंगठा खड्ड्यातून काढला नाही. "तो नको म्हणाला. सगळं काढ म्हणाला. तिला दुसरीच्या जागेवर बसवायचं नाही. कोऱ्यावर तिची नवी तीन कोरून घेईन."

"मग कोरली का नाहीत?"

गर्टी काट्याचे दाते चाचपू लागली.

"गर्टी. का नाही कोरली?"

"कोरायला चांदीच ठेवली नाही मी," गर्टी म्हणाली. "टोकं इतकी पातळ करून ठेवली, की कोरायची टोचणी लावली असती तर आरपार गेली असती."

"हात थरथरला म्हणून?"

"पहिल्यावर थरथरला." ती थांबली. "पुढच्यांवर नाही थरथरला."

मेव्हिसनं समोरच्या ढिगाकडे पाहिलं. विल्फनं हे काटे परत हातात घेतले असतील, तेव्हा त्याच्या बोटांना एका क्षणात कळलं असेल. त्याच्यासारख्या कारागिराला न कळणं शक्य नव्हतं. आणि तरी तो तिच्यासमोर डबा उघडून म्हणाला होता, अक्षरांना पैसे पडतात. त्यानंतरही, जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा, तेच. चेहऱ्यावरची रेघ न हलवता. दोन बायका एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होत्या, आणि मधे उभा राहून तो माणूस आयुष्यभर एकच खोटं बोलत राहिला. 'प्रामाणिक कारागीर.' त्यातला दुसरा शब्द तरी खराच होता.

पिंडर खाकरला आणि परत आला.

"तर असं आहे, ब्रॅमलबाई. संच म्हणून याला फारशी किंमत येणार नाही. नाव घासलेलं, टोकं पातळ, एक काटा बिघडलेला. शौकीन माणूस हात लावणार नाही. पण आजच्या भावानं, वितळवायला म्हणून..." त्यानं कागद तिच्यापुढे केला. त्यावरचा आकडा एवढा होता, की विल्फवर दगड उभा राहून वर देवदूतही बसला असता. "आगीला अक्षरं वाचता येत नाहीत. तिला सगळं सारखंच."

"वितळवा," मेव्हिस म्हणाली.

गर्टीनं मान खाली घातली. भंगारवाल्याला दे, वितळवून टाक, असं इतके दिवस तीच म्हणत होती. हातातला काटा मात्र तिनं ढिगात परत ठेवला नव्हता. ठेवायचा आहे हे तिच्या लक्षात होतं. हात टेबलाकडे थोडा सरकला आणि थांबला.

"मग सही लागेल. आणि एक विचारावं लागतं," पिंडर म्हणाला. "रागावू नका. हल्ली चोऱ्या फार झाल्यात, म्हणून सगळ्यांनाच विचारतो. हा माल सगळा तुमच्याच मालकीचा ना?"

मेव्हिसनं पुन्हा टेबलाची कड धरली. आता कारण उरलं नव्हतं, तरी धरली. तिनं गर्टीकडे पाहिलं. गर्टीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मेव्हिसनं ताबडतोब ओळखलं. आपलाच जुना कोट दुसऱ्याच्या अंगावर पाहावा तसं. परत जाताना बसमध्ये ही आपल्या शेजारी बसेल की नाही, उद्या ते दार लाथेनं उघडता येईल की ठोठवावं लागेल, एवढंच त्यात होतं.

"एक सोडून," मेव्हिस म्हणाली.

पिंडरनं चष्म्यावरून पाहिलं. "कोणता?"

"यांच्या हातात आहे तो. तो यांचा." तिनं बाकीचे काटे दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवले. "वजन तुम्हाला पुन्हा करावं लागेल, साहेब."